लोकमान्यनगरातली दोन फुटी टाकी: एक प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका मराठी घराचं आहे. लिहायला घरच्यांची परवानगी आहे, नावं मात्र मुद्दाम देत नाही. घरात आजोबा, आजी, मुलगा, सूनबाई आणि चौथीतला नातू. सूनबाईंनी फोन केला तो मासे मरतात म्हणून केलाच नव्हता. त्यांना एवढंच विचारायचं होतं, "ताई, आमचा काच चाटणारा सकर मासा फार मोठा झालाय. टाकीत नीट वळताही येत नाही बिचाऱ्याला. रविवारी सिरपूरच्या तलावात सोडून यावं म्हणतोय आम्ही. तसाच सोडला तर चालेल ना, की आधी त्या पाण्याची सवय करावी लागते?"

इतक्या मायेनं विचारलेल्या प्रश्नाला फोनवर नुसतं "नको" म्हणणं बरं दिसलं नसतं. "सोडू नका, मी आधी येऊन बघते," एवढंच म्हटलं. गेल्यावर लक्षात आलं की सकर हा या गोष्टीचा शेवटचा भाग आहे. सुरुवात दीड वर्ष आधी दुकानातच झाली होती.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. तळाच्या रंगीत गोट्या आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पाणी जेमतेम 55 लिटर. त्यात तीन एंजल, एक केशरी गोल्डफिश, एक काळा फुगीर डोळ्यांचा गोल्डफिश आणि काचेला पोट लावून बसलेला सकर. सकर मोजला तर 25 सेंटिमीटर भरला. टाकीची रुंदी 30. म्हणजे वळताना कधी त्याचं तोंड एका काचेला, तर कधी शेपटी दुसरीला घासत होती.

आधी घेतले होते ते वास्तूचे मासे. आठ केशरी, एक काळा, असा नऊ गोल्डफिशचा संच. ईशान्येला टाकी ठेवा, घरात बरकत येईल, असं कोणी तरी आजोबांना सांगितलं होतं. दुकानातून टाकी, गोट्या, दिवा, फिल्टर आणि मासे एकाच संध्याकाळी घरी आले आणि त्याच संध्याकाळी मासे पाण्यात सोडले गेले. पहिल्या आठवड्यात दोन गेले, पुढच्या आठवड्यात तीन. मासा गेला की दुकानातून दुसरा यायचा. काच शेवाळू लागली तेव्हा दुकानदारानं बोटाएवढा सकर दिला, "ये कचरा साफ करेगा" म्हणून. नातवाला एंजल आवडले म्हणून एंजल आले. मासे मरत राहिले आणि दीड वर्षात एकदाही कोणी पाणी तपासलं नाही.

का तपासलं नाही, याचं उत्तर आजोबांकडे होतं. ते शांतपणे म्हणाले, "मासा गेला म्हणजे घरावरचं काही तरी स्वतःवर घेऊन गेला, असं आम्ही मानतो." ही समजूत मी अनेक घरांत ऐकली आहे. तिच्यामागे माशाबद्दल कृतज्ञता आहे, हे मला मान्य आहे. पण या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीनं केलं असं माझं मत आहे. मृत्यूला एकदा अर्थ मिळाला की त्याचं कारण शोधायची गरज कोणालाच वाटत नाही.

मासे मरत राहण्याचं दुसरं कारण रविवार. दर रविवारी सकाळी अख्खं घर मिळून टाकी धुवायचं. मासे बादलीत, पाणी सगळं मोरीत, गोट्या परातीत चोळून चोळून स्वच्छ, काच मीठ लावून घासलेली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र. मग नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरायची, चार थेंब निळं औषध टाकायचं आणि मासे परत आत. सूनबाईंनी हे सगळं अभिमानानं सांगितलं आणि तो अभिमान रास्त होता. इतके कष्ट फार कमी घरांत घेतात. या कष्टांनीच मासे मरत होते, हे त्यांना कसं सांगावं याचा मला थोडा विचार करावा लागला.

म्हणून आधी पाणी मोजलं. शनिवारची संध्याकाळ होती, म्हणजे धुलाईला सहा दिवस झालेले. थेंबांच्या किटमधली अमोनियाची नळी नातवाच्या हातात दिली. पाच मिनिटांत पिवळ्याचं गडद हिरवं झालं. तक्त्याशी लावून पाहिलं तर अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास. नायट्राइट जवळपास शून्य. नायट्रेट नळाच्या पाण्यात होतं तेवढंच. पीएच 8.2, म्हणजे पाणी अल्कधर्मी, तापमान 28 अंश.

माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पसरतो. टाकीत त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं पुष्कळ सौम्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजवर, गोट्यांवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात आणि त्यांची वाढ अतिशय सावकाश होते. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या घरातल्या टाकीला कधी सात दिवसही मिळाले नाहीत. दर रविवारी तो बुळबुळीत थर मोरीत जात होता, जे चुकून उरायचे ते नळाच्या क्लोरीननं मरायचे आणि त्यातूनही कोणी वाचले तर निळं औषध. ते मेथिलीन ब्ल्यू असतं आणि या जिवाणूंनाही बाधतं. दीड वर्षाची टाकी खरं तर दर सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसाची होत होती. अमोनिया आहे पण नायट्राइट नाही आणि नायट्रेट वाढलेलं नाही, याचा अर्थ एवढाच की कामाला कोणी हजरच नाही.

पीएचनं त्यात भर घातली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. पीएच आणि तापमान वाढलं की विषारी रूपाचा वाटा वाढतो. 28 अंशाला पीएच 7 असता तर या 2 मिलिग्रॅमपैकी शंभरातला एक भागही विषारी नसता. 8.2 ला तोच वाटा दहा टक्क्यांवर जातो, म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम. कल्ल्यांना इजा व्हायला याचा दहावा भागही पुरतो. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून उपसून येतं, त्यात क्लोरीन असतं. उन्हाळ्यात नळ कमी पडले की बोरिंगचं पाणी मिसळलं जातं आणि माळव्याच्या काळ्या खडकातलं बोरिंगचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांचं आणि चढ्या पीएचचं असतं. हे पाणी वाईट नाही. यात उत्तम जगणारे मासे पुष्कळ आहेत. पण ज्या चुका मऊ, आम्लधर्मी पाण्यात काही दिवस खपून जातात, त्या इथे खपत नाहीत.

तिसरी गोष्ट मला आजींशी बोलताना कळली. आजींचं माहेर महेश्वरचं. घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. तसंच पोळ्यांची कणीक तिंबली की सुपारीएवढा गोळा काढून त्याच्या बारीक गोळ्या त्या टाकीत टाकायच्या. मी एक गोटी उचलून दाखवली. तिच्याखाली कणकेचा पांढरा, लिबलिबीत लगदा होता आणि त्याला आंबूस वास येत होता. आजींनी तो बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर तसंच आहे!" नर्मदेत टाकलेली गोळी दहा मासे झडप घालून खातात आणि उरलं ते पाण्याबरोबर जातं. 55 लिटरमध्ये ती जाणार कुठे? आजींना यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

एंजल आणि गोल्डफिश एकत्र ठेवणं हीही चूकच होती, पण दुकानात सर्रास खपवली जाणारी. एंजल अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला 25 ते 29 अंशाचं पाणी मानवतं. गोल्डफिश थंड पाण्याचा, त्याला 18 ते 24 बरं. जानेवारीत इंदुरात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो आणि टाकीत हीटर नव्हता. म्हणजे थंडीत एंजल काकडत होते आणि मे महिन्यात गोल्डफिश पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते.

एका एंजलच्या कुशीवर अंगठ्याच्या नखाएवढे दोन चट्टे होते. तिथली चमक गेलेली, कडा लालसर. बुरशी समजून त्यावर निळं औषध वाढवलं गेलं होतं. मी दिवा बंद करायला सांगितलं आणि आम्ही अंधारात बॅटरी घेऊन बसलो. थोड्या वेळानं सकर काचेवरून सुटला, एका कोपऱ्यात निजलेल्या एंजलच्या कुशीला तोंड लावून चिकटला आणि एंजल दचकून पळाला. मोठा झालेला उपाशी सकर चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. सकर टाकीतली घाण खातो ही समजूत तर साफ खोटी आहे. तो शेवाळ खातो, काकडी-भोपळा खातो, तळाचं खाणं खातो आणि त्या टाकीतल्या बाकी सगळ्या माशांनी मिळून केली नसती एवढी विष्ठा एकटा करतो. साफसफाईसाठी आणलेला जीव सगळ्यात जास्त भार टाकत होता, आणि त्याला त्याच्या वाट्याचं खाणं कधी मिळालंच नव्हतं.

उपायांत अवघड काही नव्हतं, धीर हवा होता. रविवारची धुलाई बंद. त्याऐवजी रोज पाव टाकी पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादल्यांत भरून, हवेचा पंप लावून ठेवलेलं. असं चोवीस तास ठेवलं की मोकळं क्लोरीन निघून जातं. नळ एक दिवसाआड आला की घाई होते, म्हणून घरात क्लोरीन घालवणाऱ्या हायपोची बाटलीही ठेवली. माझ्या जुन्या टाकीतला वापरातला स्पंज मी न पिळता, ओला, पिशवीतून नेला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये घातला. त्यावरचे जिवाणू म्हणजे विरजण. कोऱ्या स्पंजवर दीड महिना वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. यापुढे स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकासा दाबून, आणि तपकिरी दिसला तरी चालेल. खाणं एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

सूनबाईंना सगळ्यात जड गेलं ते काच न घासणं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पाणी थोडं धुरकट दिसतंय, बदलून टाकू का? मी नको म्हटलं. धुरकटपणा त्या आठवड्यात गेला. त्याच सुमारास अमोनिया उतरला आणि नायट्राइट वर आलं. हा टप्पा फसवा असतो, कारण अमोनियाची नळी चांगली बातमी देते आणि मासे मात्र पुन्हा धापा टाकू लागतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूपच बदलून टाकतं आणि मग ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा येतो, म्हणून लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं खडे मीठ विरघळवून घातलं. पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20. या काळात एकही मासा गेला नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी, एवढंच काम उरलं. नातू आकडे वहीत लिहितो आणि किटचे रंग आता माझ्यापेक्षा भरभर वाचतो.

गोल्डफिशची जोडी अंगणातल्या जुन्या सिमेंटच्या हौदात गेली. सुमारे 300 लिटर पाणी, वर जाळी, दुपारची सावली. वास्तूचं काय, असं मुलानं विचारलं तेव्हा आजोबांनीच उत्तर दिलं, की मासे सुखात असतील ती जागा चांगली. मला त्यांनी नंतर एकट्यानं विचारलं, "म्हणजे ते सगळे पाण्यानंच गेले?" मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी वाद घातला नाही आणि मीही पुढे काही बोलले नाही.

आता सिरपूर. घरच्यांचं म्हणणं साधं होतं. एवढ्याशा काचेत कोंडून ठेवण्यापेक्षा तलावात तो मोकळा तरी राहील. शिवाय एकटाच आहे, पिल्लं थोडीच होणार? आणि मलेरियावाले नाही का तळ्यांत गप्पी सोडत?

सिरपूर काही डबकं नव्हे. होळकरांच्या काळातला हा तलाव पावसाळ्यात भरला तरी सुमारे दोन मीटरच खोल होतो. उथळ, अल्कधर्मी आणि पोषक द्रव्यांनी भरलेला. यशवंतसागरबरोबर 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. एकाच शहराच्या वाट्याला अशा दोन पाणथळी आल्या आहेत. उथळ, कोमट, शेवाळानं भरलेलं पाणी आणि मातीचे काठ म्हणजे सकरला हवं ते सगळं. हा सेलफिन जातीचा सकर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर हाडाच्या चकत्यांचं चिलखत आणि परांचे काटे असे, की आपल्याकडच्या पक्ष्यांना आणि माशांना मोठा सकर गिळणं अवघड. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. पाण्याबाहेरही कित्येक तास तग धरतो. या घरातल्या विषारी पाण्यात बाकीचे मरत असताना हा का तगला, याचं थोडंफार उत्तरही यातच असावं. नर काठाच्या मातीत हातभर खोल बिळं खणतो, मादी त्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि नर ती राखतो. बिळांनी काठ ढासळतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत हा मासा आहे, आंध्रच्या तलावांत आहे. कोळ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. 2020 मध्ये तो वाराणसीला गंगेतही सापडला. यांपैकी एकाही ठिकाणी तो आपणहून पोहोचलेला नाही.

एकटा आहे, या म्हणण्यावर मी सूनबाईंना विचारलं, की शेजारच्या गल्लीत कोणी गेल्या वर्षी सोडला असेल तर तुम्हाला कळणार आहे का? सोडणाऱ्या प्रत्येक घराचा सकर एकटाच असतो. गप्पीचा मुद्दा मात्र खरा आहे. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी आणि गांबुसिया आपल्याकडे वर्षानुवर्षं सोडले गेले, त्यामुळे पाण्यात मासा सोडणं हे चांगलंच काम अशी लोकांची भावना झाली. पण गांबुसिया आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. हे ऐकल्यावर मुलगा म्हणाला, "मग याचं करायचं काय?"

ते सोपं नव्हतं. दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण तो सकर पुन्हा एखाद्या दोन फुटी टाकीत गेला असता. शेवटी महूच्या एका हौशी माणसाकडे सहा फुटी, सुमारे 600 लिटरची टाकी मिळाली. त्यात मोठे, चपळ मासे आहेत आणि चिकटून खरवडता येईल असं कोणी नाही. सकरला जाळीनं धरत नाहीत, परांचे काटे जाळीत अडकून तुटतात. म्हणून पाण्याखालीच एका मोठ्या झाकणाच्या डब्यात त्याला हाकारत नेलं. आदल्या दिवशी खाणं बंद, डब्यात अर्धं पाणी, बॅटरीवरचा हवेचा पंप, वर टॉवेल. तिथे त्याला रोज रात्री उकडलेल्या दोडक्याचे काप मिळतात. तो अजून वाढेल, चाळीस सेंटिमीटरच्याही पुढे, आणि नीट राखला तर दहा-पंधरा वर्षं जगेल, हे नव्या मालकाला आधीच सांगितलं आहे.

असं घर मिळालं नसतं तर? तरीही तलावात नाही. तेव्हा पशुवैद्याला विचारून लवंग तेलाच्या मोठ्या मात्रेनं त्याला बेशुद्ध करून संपवणं हाच मार्ग राहिला असता. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सल्ला मिळाला असता. हे मी घरात आजींसमोरही बोलले, कारण बोटाएवढा सकर विकत घेताना ही शक्यता कोणीच सांगत नाही आणि मग ती वेळ आली की तलाव सगळ्यांना सोयीचा वाटतो.

सध्या टाकीत तीन एंजल आहेत, शंभर वॅटचा हीटर आहे आणि चट्टे भरून आलेत. यातल्या दोघांनी जोडी जमवली आहे आणि अंडी घालण्यासाठी फिल्टरची पन्हाळ तोंडानं साफ करायला घेतली आहे. तिसऱ्याला ते कोपऱ्यातून हलू देत नाहीत. एंजल परांसकट वीत-सव्वावीत उंच होतो, म्हणून थंडीच्या आत तीन फूट लांब, दीड फूट उंच टाकी घ्यायचं ठरलं आहे. ती महिनाभर माशांविना, जुना स्पंज आणि रोज चिमूटभर खाणं घालून चालवायची आणि मगच एंजल हलवायचे. मधल्या काळात तिसऱ्या एंजलसाठी आतून जाळीचा पडदा लावला आहे. नातवाला नव्या टाकीत आणखी मासे हवे आहेत. त्याला कार्डिनल टेट्रा आवडला होता. त्याच्या मऊ, आम्लधर्मी पाण्याची तजवीज आपल्याला जमणार नाही म्हटल्यावर त्यानं वही काढली आणि आपलं 8.2 कोणाला चालतं ते विचारलं. मॉली आणि प्लॅटी ही दोन नावं लिहून घेतली आहेत, पुढे पूर्ण वाढीची लांबीही. एंजलबरोबर प्लॅटी राहतील, पण मादी-नर एकत्र घेतले तर पिल्लांचं काय करायचं याचा निर्णय अजून घरात झालेला नाही, आणि तो झाल्याशिवाय दुकानात जायचं नाही असं आजोबांनी सांगून ठेवलं आहे.